खाटेवरून

मार्चमधली दुपार होती. नवरा आबांना रिक्षातून व्यायामाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता आणि मी त्यांची चादर बदलायला खोलीत गेले. चादर बदलली आणि काय मनात आलं कोण जाणे, त्यांच्याच जागी आडवी झाले. उशी तीच, उंची तीच. समोर टीव्हीचं पॅनेल आणि त्यावरचा काळा पडदा. वर पीओपीचं छत, आणि त्यातला गोल दिवा बरोबर डोळ्यांत. डाव्या हाताला दार, उजव्या हाताला कपाटाची पांढरी सनमायकाची बाजू. पंधरा मिनिटांत मला कोंडल्यासारखं झालं. आबा तिथं दोन महिने पडून होते.

आणि ज्या हिरव्या भिंतीसाठी आम्ही ४६ हजार रुपये मोजले होते, ती कुठं होती? माझ्या डोक्यामागे. खाटेवरच्या माणसाला ती दिसतच नव्हती.

आबा म्हणजे माझे सासरे. वय ७९. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्नमेकर होते. ज्या आकाराचं लोखंड ओतायचं त्याचा आधी लाकडाचा नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी पट्टी असते, नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित लांब खुणांची. ती पट्टी अजून आबांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. हा माणूस दाराच्या फटीकडे बघून सांगायचा की खालच्या बाजूला एक सूत जास्त आहे, आणि ते खरंच असायचं.

संक्रांतीच्या सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्यांचा पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण घरी आणलं तेव्हा माणूस आमचा राहिला नव्हता. दिवसभर झोप, रात्रभर जागरण. संध्याकाळी सहाचा सुमार झाला की, "चला, घरी जाऊ या," म्हणून उठायची धडपड. मंगळवार पेठेतल्या या घरातच त्यांचा जन्म झालेला. चकचकीत फरशीकडे बोट दाखवून म्हणायचे, "पाणी सांडलंय तिथं, पुसा की कुणीतरी." तिथं पाणी नसायचं, फक्त दिव्याचं प्रतिबिंब असायचं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. सोडियम कमी झालं होतं, ते सुधारलं. झोपेची एक गोळी बंद केली. मग समजावून सांगितलं की खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होणं नवीन नाही. दिवसा भरपूर उजेड, रात्री अंधार, समोर घड्याळ आणि कॅलेंडर, डोळ्यांवर चष्मा, कानात यंत्र, ओळखीच्या वस्तू आणि जमलं तर खिडकी. "हे औषधाइतकंच मनावर घ्या," असं म्हणाले.

आम्ही मनावर घेतलं, पण चुकीच्या रस्त्यानं. नवऱ्याच्या ओळखीतल्या एका इंटिरियरवाल्यांना बोलावलं. त्यांनी टॅबवर फोटो दाखवले. बायोफिलिक डिझाइन म्हणजे निसर्गाशी जोडलेली सजावट, ती सध्या सगळीकडे चालते, मनाला शांतता मिळते, असं सांगितलं. आठवड्यात पलंगामागच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या गवताची आणि पानांची चौकट बसली, तिच्यामागे हिरवट दिवे. दारातून फोटो काढला तर खरंच देखणा येत होता. येणारा-जाणारा म्हणायचा, काय सुंदर केलंय. पंधरा दिवसांत त्या पानांवर धूळ बसली. ती पुसता येईना, आणि दुपारी कौलं तापली की प्लॅस्टिकचा वास यायला लागला. ती भिंत दारात उभ्या राहणाऱ्यासाठी होती. हे मला त्या दुपारी खाटेवर पडल्यावर कळलं, आणि तिथून पुढचं सगळं काम मी पडूनच ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून चार वेळा, सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी सात वाजता, आबांना खुर्चीत बसवलं की मी त्यांच्या जागी पाच-दहा मिनिटं आडवी व्हायचे आणि गोळ्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. काय दिसतं, काय ऐकू येतं, हाताला काय लागतं. 'हाताला काय लागतं' यापुढं पहिल्या दिवशी लिहिलंय: 'स्टीलचा कठडा. गार.' मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप घेतलं. ते काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. भर दुपारी उशीजवळ ४० लक्स. त्याच वेळी बाहेर परसदारी सावलीत उभं राहिलं तरी आकडा काही हजारांत. आपण दिवा लावतो आणि खोली उजळली असं म्हणतो, पण डोळा जुळवून घेतो म्हणून तसं वाटतं. शरीराचं घड्याळ इतकं समजूतदार नाही. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्यांचा शोध या शतकाच्या सुरुवातीला लागला. त्या मेंदूला दिवस आहे की रात्र एवढंच कळवतात. निळसर उजेडानं त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात, म्हणजे सकाळ-दुपारच्या आभाळाच्या उजेडानं. आबांच्या मेंदूला दोन महिने दिवस उजाडल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. आणि रात्री नर्सिंगच्या सोयीसाठी आम्ही पांढरी ट्यूब चालू ठेवत होतो.

वाचताना मला रॉजर उलरिक या संशोधकांचा अभ्यास सापडला. १९८४ साली तो 'सायन्स' या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडवाल्यांना वेदनेची जोरकस औषधंही कमी लागली. फरक पाऊण दिवसाचाच. पण मला त्यातली एक गोष्ट लागली. त्या रुग्णांच्या खोलीत कुणी काही सजवलं नव्हतं. खोल्या सारख्याच होत्या. खाटेवरून काय दिसतं, एवढाच फरक होता.

आमच्या खोलीला खिडकी होती. दक्षिणेच्या भिंतीत, परसदाराकडे उघडणारी. पण २००९ मध्ये घर दुरुस्त केलं तेव्हा आम्हीच तिच्यासमोर छतापर्यंत कपाट उभं केलं होतं. मीच सांगितलं होतं, गाद्या ठेवायला जागा नाही म्हणून.

पहिला बेत असा होता की खाट फिरवायची आणि आबांचे पाय खिडकीकडे करायचे, म्हणजे उशीवरून सरळ बाहेर दिसेल. आत्या, म्हणजे आबांची बहीण, ऐकून उठूनच बसल्या. "दक्षिणेला पाय? जित्या माणसाचे?" मी समजावू लागले तर खाटेवरून आबाच म्हणाले, "नको." त्या दोन महिन्यांतला त्यांचा हा पहिला ठाम शब्द होता. मी तो मोडला नाही. जे बघून माणसाच्या पोटात खड्डा पडतो ते त्याला शांतता कसं देईल? शेवटी खाट खिडकीला समांतर लावायची ठरली. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला, खिडकी डाव्या हाताला. उजवा खुबा दुखरा असल्यानं आबा दोन पायांत उशी घेऊन डाव्या कुशीवरच झोपत होते. म्हणजे कूस वळली की खिडकी समोर.

गवंडी मामा कागलकडचे. सत्तरीला टेकलेले, आणि आम्हाला मिळाले ते नशीबच. कपाट काढून मी खाटेवर आडवी झाले आणि सांगितलं, मामा, मला फक्त समोरच्या भिंतीचा माथा आणि वीतभर आभाळ दिसतंय. खिडकीचा उंबरा जमिनीपासून साडेतीन फुटांवर होता, उभ्या माणसाच्या हिशेबानं. मामांनी टेप लावला, माझ्या डोळ्यांची उंची मोजली, आणि म्हणाले, "दीड फुटावर घेऊ या. खालचं कापलं तर काय भ्या न्हाई, वरचं लिंटेल हाय तसं ऱ्हातंय. रुंदी मात्र मागू नका." लिंटेल म्हणजे खिडकीच्या माथ्यावरची आडवी तुळई. अठरा इंची जुनी भिंत, वर कौलाचा भार. रुंदी वाढवायची तर सगळा जीव टांगणीला. उंची खाली वाढली आणि त्या एका कापानं खोली बदलली. कापलेल्या जागी भिंतीच्या जाडीएवढा कट्टा मिळाला. आज आमच्या घरातला सगळ्यात लाडका कोपरा तोच आहे.

भिंतींचं दुखणं वेगळं होतं. जुन्या विटांवर आम्ही सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट चढवला होता. दर पावसाळ्यात ओल आत अडकायची, फुगवटे यायचे, पोपडे पडायचे, कोपऱ्यात काळी बुरशी धरायची. त्याच बुरशीत आम्ही खोकणाऱ्या माणसाला झोपवलं होतं. मामांनी चुना सुचवला. कळीचा चुना आणून पिंपात विझवला, पाण्याखाली मुरत ठेवला. हिरडा भिजवून त्याचं पाणी काढलं, त्यात गूळ कालवला. कोल्हापूरचा गूळ भिंतीला लावायचा म्हणताना मला कसंतरी झालं, पण मामांनी हात घालून दाखवलं. नुसत्या चुन्याचा लगदा थापीवरून तुटत होता, गुळाचं पाणी पडल्यावर तोच लोण्यासारखा ओढला जात होता. चुन्याची भिंत ओल कोंडत नाही. ती पाणी घेते आणि हवेत सोडते. शिवाय चुना इतका तिखट अल्कली असतो की बुरशीला त्यावर तग धरणं अवघड जातं. एप्रिलचं ऊन कडक असल्यानं गिलावा भराभर वाळून तडकू नये म्हणून आम्ही ओली गोणपाटं टांगली. दोन दिवस मुंग्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी भिंत घट्ट झाली आणि मुंग्या आल्या तशा गेल्या. शेवटचा हात पिवडी मिसळलेल्या चुन्याचा. तो पिवळा रंग डब्यात बेताचा वाटला होता. संध्याकाळी बघितला तर भिंत आतून ऊबदार दिसत होती.

आणि झरोका. पूर्वेच्या भिंतीवरचं टीव्हीचं पॅनेल उतरवून मामा गिलावा ठोकत होते, तेव्हा माणसाच्या डोक्याच्या वर एका जागी आवाज पोकळ आला. चार घाव घातले तर आतल्या विटा वेगळ्या, त्यांचा मसाला वेगळा. आबा माजघरात खुर्चीत बसले होते, तिथून म्हणाले, "तिथं झरोका हाय. मांजर यायचं त्यातनं. आईनं बुजवला, चोराच्या भ्यानं." तीस वर्षं मी या घरात आहे, मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. पूर्वेला शेजाऱ्यांची बुटकी कौलारू पडवी आहे. त्यांना विचारलं, ते म्हणाले, तुमचाच होता, उघडा की. फूटभर रुंद, दीड फूट उंच, आतल्या बाजूला पसरत गेलेला. त्याला गज, मच्छरदाणीची जाळी आणि पावसासाठी काचेचं दार लावलं. सात फुटांवरचा तो झरोका उघडला त्या दिवशी खोलीतली हवा हलली. दक्षिणेच्या खिडकीतून आलेली झुळूक वरून बाहेर पडायला लागली. गरम हवेला वर वाट मिळाली की ती जाते. आमच्या आजेसासऱ्यांना हे कुणी शिकवलं असेल?

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परसदारी काम चाललं होतं. एके दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास मामांनी ओळंबा, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन, सोडला आणि हसून मला हाक मारली. ओळंब्याची सावली नव्हती. कोल्हापुरात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या सुरुवातीला आणि एकदा ऑगस्टमध्ये. मी आबांना व्हीलचेअरवर बाहेर आणलं. त्यांनी तो दोरा बराच वेळ बघितला. मग मामांना म्हणाले, "ओळंबा चांगलाय तुमचा."

तिथून ते कामात शिरले. चकचकीत फरशी काढून खरबरीत शहाबादी बसवायची ठरली, तेव्हा कुठला दगड कुठं हे त्यांनी सांगितलं. नवी फरशी बसली आणि 'पाणी सांडलंय' हे बंद झालं. भिंतीला धरून चालायला सागवानी दांडी करायची होती. सुतार पहिली घेऊन आला. आबांनी ती मांडीवर घेतली, अंगठा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेला, परत आणला, आणि एका जागी थांबवला. "हितं रंधा उलटा गेलाय." सुतारानं वाकून बघितलं. मला काहीच दिसत नव्हतं, पण त्यानं मान डोलावली आणि दांडी परत नेली. दुसरी आली ती आबा हातातून सोडेनात. स्टीलचा कठडा गार लागतो कारण तो हाताची ऊब भराभर ओढून घेतो. लाकूड ओढत नाही. पण आबांच्या बाबतीत एवढंच नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हातांनी सागवान ओळखलं, त्यांना पुन्हा सागवान मिळालं.

दुपारचं ऊन तिरपं येतं म्हणून बुरुड गल्लीतून बांबूचे चीक, म्हणजे कामट्यांचे पडदे, करून आणले. विणणाऱ्या मावशींनी विचारलं, "उन्हाला का नजरंला?" मला कळेना. त्यांनी सांगितलं, नजरेला पाहिजे तर कामट्या दाट विणायच्या, उन्हाला पाहिजे तर विरळ. विरळच घेतले. त्यातून ऊन चाळून येतं आणि वाऱ्यानं चीक हलला की चादरीवर उजेडाच्या रेघा हलतात.

झाडांच्या बाबतीत माझं चुकलं. हवा शुद्ध करतात म्हणून रोपवाटिकेतून एकदम चौदा कुंड्या आणल्या: स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम आणि काय काय. आठवड्यात ओल्या मातीतून बारीक चिलटं उठायला लागली आणि आबांचा खोकला वाढला. मग शांतपणे वाचलं. हवा शुद्ध होण्याचा तो दावा येतो नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून. तो प्रयोग लहान बंद पेट्यांत केलेला होता. पुढं २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की उघड्या खिडकीएवढी हवा साफ करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील. म्हणजे काम खिडकीचं, श्रेय कुंडीचं. झाडं हवेसाठी आणायची नाहीत, डोळ्यांसाठी आणायची. खोलीत तीनच ठेवली, बाकीची बाहेर.

खरी झाडं परसदारी गेली. तिथला कोबा आम्ही भिंतीलगत दोन फूट फोडला, खाली मुरूम निघाला, तो काढून माती आणि शेणखत भरलं. जास्वंद, कर्दळ, गवती चहा, तगर. मोरीच्या तोंडाशी अळू आपलं आपण आलं. जागा ठरवताना मी परत खाटेवर. लेक बाहेर काठी घेऊन उभी आणि मी आतून ओरडतेय, अजून डावीकडे, अजून. जास्वंदीचा शेंडा खिडकीच्या बरोबर मध्यात आला पाहिजे. जूनमध्ये तिला पहिलं फूल आलं आणि चार दिवसांनी झाडावर शिंजीर आला. अंगठ्याएवढा जांभळा पक्षी. फुलावर उलटा लटकून चोच घालतो. आबांनी जेवणाचा घास हातात धरून ठेवला होता. तो उडून गेल्यावर म्हणाले, "रोज येतो व्हय?" दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा त्यांनी स्वतः मागितला.

पाण्याचा आवाज असावा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी तांब्याच्या घंगाळात पाणी भरून लहान पंप सोडला होता. डेंग्यूची भीती म्हणून त्यात गप्पी मासेही सोडले, ते डासांच्या अळ्या खातात. पण पंपाची घरघर पाण्यापेक्षा मोठी. दोन दिवसांत बंद केला. मग पावसाळ्यानंच सोय केली. परसदारच्या कौलांवरून पागोळ्या पडतात त्या रेषेत मी जुना पाटा ठेवला, आणि त्या दगडावर पडणारं पाणी रात्रभर वाजत राहिलं. आबांना त्या आवाजात गाढ झोप लागायची. एकच झालं, पाण्याच्या आवाजानं रात्री लघवीला उठावं लागायचं. म्हणून खिडकीची खालची फळी झाकायला शिकलो.

जुलै-ऑगस्ट त्या खोलीची परीक्षा होती. पंचगंगा पात्राबाहेर पडली आणि रोज सकाळी आबांचा पहिला प्रश्न, "राजाराम बंधारा किती?" ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका. त्यांच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लेक लिहायची. मार्चमध्ये ज्या माणसाला महिना सांगता येत नव्हता, तो आता काल किती होता आणि रात्रीत किती इंच चढलं हे सांगत होता. त्या ओल्या दोन महिन्यांत भिंतीला एक पोपडा आला नाही. खोलीत नुसता मातीचा आणि चुन्याचा वास. मीही दुपारचा चहा त्या कट्ट्यावर घ्यायला लागले. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही तिला काय दिसतं. मी त्या वर्षी फार चिडचिडी झाले होते, लेकीवर विनाकारण ओरडायचे. कट्ट्यावर बसून पाऊस बघितला की अर्ध्या तासानं माझा आवाज मला ओळखीचा वाटायचा.

दसऱ्याच्या सुमारास आभाळ मोकळं झालं आणि झरोक्यातलं ऊन पहिल्यांदा पश्चिमेच्या भिंतीवर पडलं. आबांच्या पायांच्या समोर, जमिनीपासून दोनेक फुटांवर. तळहाताएवढं पिवळं, कडा हलत्या. आठच्या ठोक्याला ते जिथं होतं तिथं आबांनी लेकीला पेन्सिलीनं खूण करायला लावली. पत्र्याची पेटी उघडायला लावली, पट्टी काढली, आणि रोज सकाळी हा कार्यक्रम. ऊन रोज बोटभर उत्तरेकडे सरकत होतं आणि थोडं थोडं वर चढत होतं. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पायांपासून वर मुखापर्यंत चढतात. त्या दिवसांत टीव्हीवर ते दाखवत असताना आबा आमच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आपल्यात सकाळचा असतोय." आत्यांनी दोन्हीकडे हात जोडले.

सगळं या खोलीनं केलं असं मी म्हणणार नाही. सोडियम डॉक्टरांनी सुधारलं, पाय व्यायामानं सुधारला, आणि काळ गेला. पण गोळ्यांच्या वहीत रात्रीच्या नोंदी आहेत. मार्चमध्ये आबा रात्री पाच-सहा वेळा जागे व्हायचे, ऑक्टोबरमध्ये दोनदा. पांढरी ट्यूब जाऊन संध्याकाळनंतर पिवळा मंद दिवा आला, ती तारीखही वहीत आहे, आणि संध्याकाळी 'घरी जाऊ या' म्हणणं त्यानंतर तीन आठवड्यांत थांबलं. एकूण खर्च १ लाख ७० हजार झाला. त्यातली खिडकी आणि झरोका मिळून ३१ हजार. प्लॅस्टिकच्या भिंतीपेक्षा कमी. ती भिंत आम्ही खाट फिरवली त्याच दिवशी उतरवली. तिच्या जागी आता पेन्सिलीच्या खुणा आहेत.

डिसेंबरच्या शेवटी उन्हाचं सरकणं थांबलं आणि ते परत फिरलं. आबा म्हणाले होते, गेलं त्याच वाटेनं येईल, खुणेवर खूण बसेल. बसली नाही. जानेवारीत आठच्या ठोक्याला ऊन जुन्या खुणांच्या वीतभराहून वर पडायला लागलं. आबांना लेकीचा संशय, लेकीला पट्टीचा. बारावीच्या पुस्तकांत डोकं घालून तिनं उत्तर काढलं. सूर्याचा दिवस आणि घड्याळाचा दिवस वर्षभर बरोबरीनं चालत नाहीत. दिवस सगळ्यात लहान डिसेंबरात, पण सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीत. म्हणून आठला तो अजून खालीच असतो आणि ऊन वर पडतं. आबांनी ऐकून घेतलं. पटलं नाही.

संक्रांतीच्या सकाळी मी तीळ भाजत होते. वॉकरचा आवाज आला, दांडीवर हात घासल्याचा आवाज आला. जाऊन बघते तो आबा पश्चिमेच्या भिंतीपाशी उभे. एक हात सागवानी दांडीवर, दुसऱ्यात पेन्सिल, पट्टी दातांत. ऊन त्यांच्या छातीच्या उंचीवर पडलं होतं. लेक घड्याळ घेऊन मागे उभी होती. तिनं मला बोटानं गप्प केलं. आठ वाजले. आबांनी उन्हाच्या खालच्या कडेला रेघ मारली. बारीक, सरळ, दोन्ही टोकांना आडवी खूण, उद्यमनगरात मारत तशी. खाली तारीख घातली. मग जुन्या खुणेपासून अंतर मोजलं, पट्टी उजेडात धरून पुन्हा बघितली आणि लेकीला म्हणाले, "तुझं बराबर हाय. लिहून घे."